मुकुट माझ्या ताब्यात असताना

३ एप्रिल, बुधवार

प्रावकाका दुपारी मुकुट घेऊन आले. पेटी डोक्यावर, एक हात पेटीला, दुसऱ्या हातात छत्री. बसथांब्यापासून बाजारातून तसेच चालत आले. वाटेत बायका उठून उभ्या राहत होत्या म्हणे. मी जाळी, दोर आणि खत विकणारी बाई. हा मुकुट घालून नाचतात तो नोराचा नाच शेवटचा कधी बघितला तेही आठवत नाही. काका मात्र तलावाकाठच्या साऱ्या गावांत नाचाचे गुरू, आणि घरावर अजून पत्रे. त्यांच्या मुलाच्या गाडीखाली रबरबाजारात एक माणूस सापडला, त्याचा पाय गेला. भरपाई दिली नाही तर मुलगा तुरुंगात. गहाण ठेवण्याजोगं त्यांच्याकडे एवढंच होतं.

विरोतला मुद्दाम बोलावलं होतं. धाकटा भाऊ वकील असल्याचा एवढा तरी उपयोग. काकांनी घरून कागद लिहून आणला होता : जुलैअखेर पैसे फेडले नाहीत तर मुकुट लमायचा, म्हणजे माझा. विरोतनं ती ओळ खोडली.

"असं आधीच लिहून चालत नाही, काका. कायद्यात त्याला काही किंमत नाही. मुदत संपली की नोटीस, मग जाहीर लिलाव. वर उरले ते पैसे तुमचे."

"बरं. आणि मध्ये एखाद्या दिवशी मी नेला तर?"

"तर गहाण मोडलं. वस्तू तुमच्या हातात गेली की ताईचा हक्क संपला."

"आणि तिनंच वापरला तर?"

"तिला वापरता येत नाही. मालकाची परवानगी असल्याशिवाय."

"परवानगी आहे माझी," काका म्हणाले.

विरोत हसला. "ताई नाचणार? गुडघ्यांना विचारा आधी." मीही हसले. आई चाकांच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती, ती हसली नाही.

मुकुट मागच्या खोलीत लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवला. डोक्यापेक्षा खाली ठेवायचा नाही आणि गुरुवारी विडा दाखवायचा, एवढीच काकांची अट. किल्ली माझ्या गळ्यात.

६ एप्रिल, शनिवार

आईनं जेवताना विचारलं, "मागची पट्टी अजून लाल आहे का?" कसली पट्टी, तर मुकुटाची. आईला हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही आणि पेटी मी तिच्यासमोर उघडलेलीच नाही. संध्याकाळी बघितलं. आतली पट्टी लाल आहे. कुठल्या तरी जत्रेत बघितला असेल तिनं तरुणपणी.

"लवकर परत कर तो," एवढंच म्हणाली आणि ताट ढकललं.

१९ एप्रिल, शुक्रवार

नववर्षाच्या सुट्ट्या संपल्या. होड्यावाले दोर न्यायला येताहेत. उकाडा असा की दुपारी शटर ओढून मागच्या खोलीत आडवी होते ती मेल्यासारखी झोपते. पूर्वी मला दुपारची झोप लागायची नाही. वय झालं, दुसरं काय.

२ मे, गुरुवार

उठले तेव्हा कपाळावर लाल रेघ. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, दोरी आवळल्यासारखी. चटईची कड असणार. संध्याकाळपर्यंत गेली नाही. खत न्यायला हान आला होता. नेहमी "काय लमायताई, उधारी मागू नका" म्हणत येतो. आज आला, कपाळाकडे बघितलं, आणि हात जोडले, अगदी कपाळापर्यंत. भिक्खूंना जोडतो तसे. मग दोन पोती घेऊन रोख पैसे देऊन गेला. माणूस सुधारला म्हणायचा.

२० मे, सोमवार

आज फार चीड आली. विडा दाखवायला गुरुवारी पेटी उघडली होती, तेव्हा घाईत होते. आज नीट पुसायला काढला, तर आतल्या लाल पट्टीला पावडर लागलेली. मोगऱ्याचा वास. माझीच पावडर. आईही तीच लावते, पण आई दोन वर्षांत स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली नाही. म्हणजे कोणी तरी माझ्या घरात येतं, माझी पावडर फासतं आणि मुकुट घालून बघतं. काकांकडे दुसरी किल्ली असेल का? म्हातारा साधा दिसतो, पण वस्तूत जीव अडकलेला आहे त्याचा. उद्या कुलूप बदलणार. गहाण वस्तू स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची असते. उद्या डाग पडला तर माझ्याकडून भरपाई मागतील.

२१ मे, मंगळवार

कुलूप बदललं. लोहारानं कपाटाकडे पाठ करून काम करायचा प्रयत्न केला. "पाय मुकुटाकडे करता येत नाहीत हो, ताई," म्हणाला.

९ जून, रविवार

विरोत जेवायला यायचा होता. मी वाट बघून जेवले आणि पडले. उठून मागचं दार उघडलं तर हा पायरीवर बसलेला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, चपला हातात.

"केव्हा आलास? हाक मारायची की."

"झोपली होतीस?"

"मग काय करणार दुपारची?"

त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, तो मुकुट देऊन टाक."

"पैसे आले?"

"नाही आले. तरी दे."

"गहाण मोडेल. तूच सांगितलंस."

"मोडू दे."

वकील असून असं बोलतो. शेवया केल्या होत्या, माशाची आमटी केली होती, काही न खाता गेला. जाताना आईपाशी वाकून काही तरी विचारलं. आई म्हणाली, "मला ऐकू येतं. दिसत नाही हेच बरं." या दोघांचं हल्ली काय चालतं मला कळत नाही. बहुतेक त्याच्या बायकोशी वाजलं असेल.

१० जुलै, बुधवार

चांगली गोष्ट लिहायची राहिली. गुडघे दुखायचे थांबले. जिना कठडा न धरता चढते. तिळाचं तेल लावत होते त्याचा गुण असणार. कंबरही उतरली, सारॉंग दोन बोटं जास्त गुंडाळावा लागतो. मनगटं मात्र ठणकतात, आणि बोटांची पेरं. जाळ्यांच्या गाठी मारून झालं असेल.

मागच्या खोलीची फरशी कपाटासमोर गुळगुळीत झाली आहे. सुपाएवढा गोल. बाकी फरशी जुनीच.

१८ जुलै, गुरुवार

दुपारी आमच्या ओट्यावर बायका येऊन बसतात. चटया घेऊन येतात, पंखे घेऊन येतात. शटर बंद असताना येतात आणि मी उघडलं की उठून जातात. आमच्या ओट्याला सावली आहे, वारा आहे, बसोत बिचाऱ्या. आज शटर वर केलं तर पायरीवर विडे, एक मेणबत्ती, आणि कोणाचं तरी बाळ आईच्या मांडीवर. त्या आईनं बाळ माझ्यापुढे केलं. "जरा पायाचा अंगठा टेकवा याच्या कपाळाला." त्या पोराच्या कपाळावर लाल डाग होता, जन्माचा. मी म्हटलं, "बाई, डॉक्टरकडे ने. मी दोर विकते." ती जागची हलली नाही. शेवटी तिला बरं वाटावं म्हणून टेकवला.

टेकवताना पाय कसा उचलावा हे मला माहीत होतं. हे लिहिताना विचित्र वाटतंय.

३१ जुलै, बुधवार

मुदत संपली. प्रावकाका आले, रिकाम्या हातांनी. मुलगा सुटला, पण काम मिळत नाही. वेळ वाढवून मागतील म्हणून मी तयारी करून बसले होते. त्यांनी मागितलीच नाही. माझा हात हातात घेतला, उलटा केला, बोटं बघितली. बैल विकत घेणारा दात बघतो तसं.

"दुखतात?"

"दुखतात."

"दुखणारच," म्हणाले. मग आईसमोर जाऊन गुडघ्यांवर बसले. "वानताई, येतो."

आईनं तोंड भिंतीकडे केलं. आईचं नाव त्यांना कसं माहीत, मी विचारायचं विसरले.

८ ऑगस्ट, गुरुवार

विरोतकडून नोटीस लिहून घेतली आणि पाठवली. महिन्याभरात कर्ज आणि व्याज फेडावं, नाही तर मुकुटाचा जाहीर लिलाव होईल. विरोतनं इतक्या घाईनं आजवर कुठलंच काम केलेलं नाही. आईनं तर विचारलं, "महिना कशाला? आठवडा नाही चालत?" म्हटलं, पुरेशी मुदत द्यावी लागते, कायदाच आहे. "कायद्याला झोप लागते का दुपारची?" म्हणाली.

२५ ऑगस्ट, रविवार

नव्या कुलपानंतरही पट्टीवर पावडर येत होती. आज ठरवलं, चोर धरायचाच. जेवण झाल्यावर कपाटासमोर फरशीवर तांदळाचं पीठ चाळणीनं सारखं पसरलं. किल्ली गळ्यात. दोन्ही दारांना आतून कड्या. पलीकडे चटईवर पडले. मनाशी म्हटलं, आज डोळा लागू द्यायचा नाही.

उठले तेव्हा सूर्य खिडकीच्या खाली गेला होता.

पिठात पावलं होती. चालल्याची नव्हेत. एका जागी वळलेली, टाच रोवून फिरलेली, अंगठा बाहेर ताणलेला, पुन्हा पुन्हा, एकमेकांवर न चढता, फुलाच्या पाकळ्यांसारखी. काठाला मात्र एक पाऊल नीट उमटलं होतं. मी त्यात पाय ठेवला.

पाऊल माझंच आहे.

माझ्या तळव्यांना पीठ होतं. केसांत होतं. बाहेर ओट्यावर बायकांची कुजबुज चालली होती आणि त्यांतली कोणी तरी म्हणत होती, "आज फार वेळ नाचल्या."

२६ ऑगस्ट, सोमवार

दुकान उघडलं नाही. आईला सरळ विचारलं. तिनं आधी दार लावायला लावलं. मग सांगितलं.

माझे आजोबा भातशेती करायचे असं ती आम्हाला सांगत आली. आजोबा नोराचे गुरू होते. हा मुकुट त्यांचा. प्रावकाका त्यांचे शिष्य. आईला त्यांनी सात वर्षांची असल्यापासून शिकवलं, बोटं तेल लावून मागे वळवली. ती सतराची झाली तेव्हा मुकुट तिच्या डोक्यावर चढवायचं ठरलं, आणि आदल्या सकाळी ती जाळी विकणाऱ्याच्या मुलाबरोबर पळून आली. म्हणजे माझ्या बापाबरोबर. मुकुट मग काकांना मिळाला.

"का पळालीस?"

"चढवला की आपण आपले राहत नाही. बापाला बघितलं होतं मी. नाचून उतरला की तासभर आम्हाला ओळखायचा नाही." मग म्हणाली, "घराण्यातले मेलेले गुरू घरातलं एक माणूस मागून घेतात. मी दिलं नाही. मला वाटलं, विषय संपला."

"आणि हे तू एप्रिलपासून ऐकत होतीस."

"चाळ वाजत नसतात, पण टाच ओळखू येते," आई म्हणाली. "तुझी टाच माझ्यासारखी पडते."

२८ ऑगस्ट, बुधवार

विरोतकडे गेले. म्हटलं, मी गहाण वस्तू वापरली. काका दावा लावू शकतात.

"परवानगी दिली होती त्यांनी. माझ्यासमोर."

"तुला माहीत होतं."

"जूनमध्ये बघितलं. खिडकीतून." तो टेबलावरचे कागद सरळ करत राहिला. "डोळे मिटलेले होते तुझे. आणि चेहरा... तुझा नव्हता तो, ताई. हसत होता. मी वकील माणूस. हे कुठल्या कलमात बसवू?"

मग काकांकडे गेले. म्हटलं, तुम्ही हे जाणूनबुजून केलंत. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"शहरातल्या पेढीवर जास्त मिळाले असते," म्हणाले. "पण पेढीवाल्याच्या घरात आमच्या गुरूंचं रक्त नाही. माझ्या मागे कोणी नाही, लमाय. मुलाला गाडी पण नीट चालवता येत नाही. म्हटलं, थोडे महिने मुकुटाला त्याच्या घरी ठेवू. पुढचं मला काय माहीत?"

"मी लिलाव करणार आहे."

"कर की. ठरलंच आहे तसं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. भीती वाटत होती. रोज दुपारी माझ्या अंगात मी नसते, आणि गावाला ते माझ्याआधी माहीत होतं. रविवारपासून दुपारी झोपत नाही. दुकानात बाकावर ताठ बसते, कॉफी पिते. तरी परवा डोळे उघडले तेव्हा हातात किल्ली होती.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज लिलाव झाला. दुकानासमोर मांडव घातला, टेबलावर पांढरं कापड, त्यावर मुकुट. लिलाव पुकारणारा विरोतनं शहरातून आणला होता. भर सकाळी सगळा गाव आला. चटया अंथरून बसले, जेवणाचे डबे आणलेले, पोरं मांडीवर. नाचाला बसतात तसे. पण नाचाला गडबड असते, इथे कोणी बोलत नव्हतं. आणि मुकुटाकडे कोणी बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

पुकारणाऱ्यानं रक्कम सांगितली. कोणी बोललं नाही. पुन्हा सांगितली. एक कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला. पुकारणारा मला हळूच म्हणाला, "बाई, ही माणसं आली कशाला आहेत?"

हात याई शहरातला चैयोत नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी तेवढा पुढे आला. मुकुट उचलून बघितला. "दिसतो त्यापेक्षा हलका आहे," म्हणाला, आणि बोली लावली. कर्ज आणि व्याज फिटून वर उरेल एवढी. कोणी चढवली नाही. पुकारणारा तीन वेळा विचारत होता तेव्हा मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले होते. ते वर यायला बघत होते.

तिसऱ्यांदा विचारून झालं. चैयोतनं पैसे मोजले. माझे मी घेतले, उरलेले सगळ्यांसमोर काकांच्या हातात दिले. त्यांनी न मोजता कमरेला खोचले. व्यापाऱ्याची गाडी निघाली, तेव्हा लोक उठले, चटया गुंडाळल्या आणि गेले.

आत आले. आई खुर्चीत भिंतीकडे तोंड करून.

"गेला?"

"गेला."

"मग तू अजून इथेच कशी?" आई म्हणाली. आणि माझा हात चाचपून धरून ठेवला, मी खरंच आहे का ते बघत असल्यासारखा.

१६ सप्टेंबर, सोमवार

काल आणि आज दुपारी मुद्दाम झोपले. पीठ पसरून. काल झोप लागायलाच वेळ लागला. आज लागली, साधी, अर्धवट, माशा अंगावर बसलेल्या कळत होत्या. पीठ तसंच. एक मुंगी चालून गेल्याची रेघ तेवढी.

ओट्यावर कोणी नाही. हान आला, "काय लमायताई, उधारी मागू नका" म्हणाला. गुडघे पुन्हा दुखताहेत.

सुटले. हेच हवं होतं. मग दुपारभर रिकाम्या कपाटासमोर का उभी होते, ते लिहिता येत नाही. माझ्या घरातून चोरी झाल्यासारखं वाटतं, आणि चोरीला काय गेलं ते मी कधी बघितलंच नाही. विरोतनं बघितलं. ओट्यावर येणाऱ्या हानच्या बायकोनं फटीतून बघितलं. त्या बाळानं बघितलं. मी झोपले होते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दुकान बंद करून काकांकडे गेले. ते चाकूनं लाकडाचा तुकडा तासत बसले होते. मुलगा छपराचे पत्रे बदलत होता, उरलेल्या पैशांतून.

म्हटलं, "ते गुरू गेले का? मुकुटाबरोबर?"

"मला काय माहीत? मी म्हातारा माणूस."

"मला शिकवाल?"

त्यांनी चाकू खाली ठेवला. हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं.

"चोपन्न ना तू? हाडं लाकूड झाली असतील."

"एप्रिलपासून वळत होती."

"झोपेत सगळ्यांचंच सगळं वळतं. जागेपणी शिकायचं म्हणजे रडायचं. आणि ते येतील असंही नाही. बहुतेक नाहीच येणार. तू नुसती एक बाई असशील, कंबर धरून उभी राहणारी."

"चालेल."

"मग विचार आईला. तिनं नाही म्हटलं तर मी शिकवणार नाही. एकदा तिच्या बापाचं ऐकून नाचासाठी तिच्या मागे लागलो होतो."

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं होतं ती ओरडेल. ती शेंगा सोलत राहिली. टोपली रिकामी झाली तरी बोटं चालूच. मग म्हणाली, "पळून आले त्या दिवशी बसमध्ये मी सीटखाली पावलं टाकत होते. पार इथवर." थोड्या वेळानं म्हणाली, "तेल गरम करून आण. खोबऱ्याचं. आणि खाली बस, मला वाकता येत नाही."

मी तिच्या पायांशी बसले. तिनं माझी चार बोटं मुठीत धरली आणि मनगटाकडे मागे वळवायला लागली. ती वळत नव्हती. दुखलं. म्हटलं, "आई, पुरे."

आई थांबली नाही.